खापरपणजोबांचा माग: तुटपुंज्या कागदांतून आणि घरच्या आठवणींतून एक माणूस कसा शोधावा

वडील, आजोबा, पणजोबा ही तीन नावे बहुतेक घरांत कुणाला तरी पाठ असतात, कारण श्राद्धात पिंडांसाठी तीच तीन पिढ्या लागतात. चौथ्या नावापाशी वंशावळ थांबते. मग आडनाव आणि गाव टाकून ऑनलाइन सातबारा उघडला जातो, त्यात काहीच सापडत नाही आणि शोध तिथेच संपतो. न सापडण्याचे कारण साधे आहे. 1850 च्या सुमाराच्या गावच्या कागदात आपला खापरपणजा आपल्या आजच्या आडनावाने बहुधा नसतोच. तो असतो ‘गणू बिन सखा’. आडनावे नंतर लागली, मध्येच बदलली. काही हुद्द्यावरून आली, काही गाव सोडल्यावर ‘कर’ जोडून. शेताचा तुकडा मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे माणसाच्या नावाआधी त्याची जमीन, घर, वतन (गावकामाचा वंशपरंपरागत हक्क) किंवा कुळवहिवाट (दुसऱ्याची जमीन कसण्याची नोंद) शोधावी आणि एकेक पिढी मागे जावे. मधली पिढी गाळून थेट शिवकाळात उडी मारली की पुढचे सगळे काम वाया जाते.

आधी घर, मग कचेरी

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा. ‘पूर्वजांबद्दल सांगा’ असे विचाराल तर ऐकीव शौर्यकथा मिळेल. नेमके विचारा. पितृपक्षात पान कुणाकुणाच्या नावाने वाढतात आणि कोणत्या तिथीला? ती तिथी म्हणजे मृत्यूचा महिना नव्हे, पण पक्षातला दिवस असतो. पुढे मृत्यूची नोंद सापडली की ती ताडून पाहता येते. सुतक कुणाकुणाचे दहा दिवस धरतात? शेतीची वाटणी चार पिढ्यांपूर्वी झालेली असली, बोलणे बंद असले, तरी सुतक पाळले जाते. ज्यांचे सुतक पाळता ते तुमचे भाऊबंद, आणि तुमच्या घरातून गेलेला कागद त्यांच्या पेटीत असण्याची शक्यता मोठी. देवघरातले टाक मोजा: देवांचे किती, पितरांचे किती, त्यांतला एखादा घोड्यावरच्या वीराचा आहे का? जत्रेत पालखीला खांदा, पहिला नैवेद्य, होळीची पोळी असा कोणता मान कोणत्या घराकडे आहे? मान मोठ्या भावाच्या घराकडे जातो असे गावकरी सांगतात, तेव्हा थोरली पाती कोणती हे त्यातून कळते.

बायकांना वेगळे विचारा, आणि जावांना एकत्र बसवू नका. एकीचे ऐकून दुसरी तेच सांगते. आत्या कुठे दिल्या, आजीचे माहेर कोणते, पणजीला माहेरी काय म्हणत, हे त्यांनाच आठवते. पाटाची (पुनर्विवाहाने आलेली) बायको होती का, कुणाला दत्तक घेतले का, हे प्रश्न शेवटी आणि हळुवार विचारा. हे दोन प्रश्न टाळले तर कागदात बापाचे नाव मध्येच का बदलले हे कधीच उलगडत नाही.

धोंडू, दगडू, केरबा, भिकू ही नावे दिसली की थांबा. आधीची मुले वाचली नाहीत म्हणून पुढच्या मुलाला मुद्दाम असे नाव ठेवत. म्हणजे त्याच्या जन्माआधीच्या पाच-सात वर्षांत त्याच बापाच्या नावावर बालमृत्यूच्या नोंदी शोधायला हव्यात. त्या सापडल्या की धोंडूच्या जन्माचे वर्ष आपोआप आवळत येते.

मूळ गावाबद्दलच्या परंपरेत कुलदैवताला सर्वांत जास्त वजन द्या. देशावरचे घर पिढ्यान्पिढ्या गोव्यातल्या देवाला किंवा दूरच्या एखाद्या ग्रामदेवतेला जात असेल, तर ते कुणीतरी तिथून आल्याची खूण असते. तुळजाभवानी, खंडोबा, जोतिबा ही दैवते मात्र इतक्या घरांची आहेत की त्यांवरून गाव ठरत नाही. ‘आम्ही मूळचे राजपुतान्याचे’, ‘अमक्या गडाचे सरदार’ ही वाक्ये वहीत लिहून ठेवा, पण शोधाची सुरुवात त्यांपासून करू नका.

जमिनीची वाट

आजच्या सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो. गट हे बहुतेक ठिकाणी एकत्रीकरणाने पडले. त्याचा कायदा 1947 चा, आणि गावोगावी योजना पुढची काही दशके राबवली गेली. त्याआधीच्या कागदांत सर्व्हे नंबर आणि हिस्से आहेत. म्हणून पहिली पायरी जुना सर्व्हे नंबर मिळवण्याची. तलाठी कार्यालयात किंवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुना नंबर–नवा गट असा जुळवणीचा तक्ता आणि एकत्रीकरणाचा उतारा मागा. ही पायरी वगळून ‘आमच्या गटाचा 1920 चा उतारा द्या’ असा अर्ज केला तर ‘अभिलेख आढळत नाही’ असेच उत्तर येईल, आणि ते खोटेही नसेल.

सर्व्हे नंबर हाती आला की हस्तलिखित सातबारे मागा, 1950 च्या दशकापासूनचे. त्यांत कब्जेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला आकडा हा फेरफार क्रमांक. कमी झालेले नाव कंसात टाकलेले असते. कंसातले नाव आणि वर्तुळातला आकडा ही जोडी तुम्हाला एक पिढी मागे नेते. फेरफार म्हणजे गाव नमुना 6. त्यात ‘अमका मयत, वारस अमके’ असे लिहिलेले असते, मुलांची वये असतात, पुष्कळदा विधवेचे आणि लग्न झालेल्या मुलींचेही नाव असते. वारसांची स्वतंत्र वही 6-क. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, त्यामुळे बहुतेक गावांत फेरफारांची सुरुवात त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत होते. त्याआधीच्या काळासाठी मोजणीचे कागद: शेतवार पत्रक, आकारबंद, पक्का बुक, क्लासर रजिस्टर. इंग्रजी मोजणी आणि आकारणी (शेतसारा ठरवणे) 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि तिथून दख्खनभर पसरली. आकारणी साधारण तीस वर्षांसाठी असे, म्हणून एकाच शेताचे दोन-तीन टप्प्यांतले खातेदार मिळू शकतात.

फेरफारातल्या काही खुणा ठाऊक असाव्या लागतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचे, पण मालकी सगळ्या भावांची. हे न कळल्याने कितीतरी वंशावळींत धाकटे भाऊ गळाले आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. तिथे आई, चुलता किंवा मामा असू शकतो, त्याला बाप समजू नका. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. ‘सखू कोम गणू’ ही गणूची मुलगी नव्हे.

हक्कसोड पत्र हा सोन्यासारखा कागद. बहिणी माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडतात तेव्हा त्यांचे सासरचे नाव, गाव आणि वय त्यात लिहिले जाते. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक 2 मिळकतीवरून लावलेली असते, तिथे सर्व्हे नंबर घेऊन शोधा. खरेदीखत, गहाणखत, दत्तकपत्र, वाटणीपत्र या सगळ्यांत लिहून देणाऱ्याचे वय, धंदा आणि राहण्याचे गाव असते. वय ‘अंदाजे’ धरावे. 40, 45, 50 असे गोल आकडे दिसले की पाचेक वर्षांची सूट ठेवावी.

एक सावधगिरी तारखेची. वारस नोंद मृत्यूनंतर लगेच होईच असे नाही. शेत कसणारा मुलगा तेच शेत कसत राहतो आणि कर्ज काढायची किंवा वाटणी करायची वेळ आली की दहा-वीस वर्षांनी नोंद होते. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. कधीकधी दोन मृत्यू एकाच फेरफारात उरकलेले असतात, आणि घाईत वाचले की आजोबा-नातू हे बाप-लेक होऊन बसतात.

जमीन नव्हती तर

कुळाने शेत कसले असेल तर नमुना 12 मधल्या पीकपाहणीत त्याचे नाव आहे. 1948 चा कूळ कायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन यांनंतर 32-ग ची, म्हणजे कुळाला जमीन विकत देण्याची, प्रकरणे चालली. त्या फायलींत जबाब आहेत: किती पिढ्या कसतो, बाप कोण, आजा कोण. सातबाऱ्यावर फक्त निकालाची ओळ येते; माणूस बोललेला असतो तो जबाबात, म्हणून पूर्ण फाइलची नक्कल मागा.

महार, रामोशी, पाटील, कुलकर्णी या घराण्यांसाठी वतनाचे कागद. 1874 च्या वतन कायद्याखाली वतनदारांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा 1958 चा. वतनाच्या जमिनीत भावकीतल्या प्रत्येकाचा हिस्सा लागत असल्याने इथे भावंडांची नावे सातबाऱ्यापेक्षा पुरती मिळतात. त्याआधीचे हवे असेल आणि घराण्याकडे इनाम असेल तर 1852 च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढच्या कैफियती, म्हणजे इनामदारांची लेखी निवेदने, पाहाव्यात. हे दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे. इनाम टिकवायचे तर वंश सांगावा लागे, म्हणून त्यांत वंशावळ असते. पण हक्कासाठी सांगितलेली वंशावळ सोयीनेही सांगितलेली असू शकते हे लक्षात ठेवा.

सुतार, लोहार, न्हावी, कुंभार अशा घरांसाठी ग्रामपंचायतीची नमुना 8 ही घरपट्टीची वही, गावठाणाचा सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका. मुंबईत गिरणीत गेलेल्या कोकणी-घाटी माणसांसाठी गावमंडळाच्या वर्गणीच्या वह्या, चाळीच्या भाडेपावत्या आणि जुन्या मतदार याद्या. लढाईवर गेलेल्यासाठी वेशीजवळ, चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे का पाहा. पाटीवर बहुधा आकडेच असतात, नावे नसतात. पण गावातून माणसे गेली होती एवढे कळले की राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत पाहता येते. तिथे मृत शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका दिलेला असतो, इंग्रजांनी ऐकला तसा. गावाचे नाव पाच-सहा प्रकारे लिहून शोधा.

मॉरिशसला गेलेल्यांची कथा वेगळी. 1834 पासून तिथे करारबद्ध मजूर गेले, मुंबई बंदरातून मराठीही गेले, आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदी आहेत: क्रमांक, जहाज, बापाचे नाव, जिल्हा, गाव. तिथल्या मराठी घरांत आडनाव म्हणून पुष्कळदा पहिल्या माणसाचे किंवा त्याच्या बापाचे नावच चालत आले आहे. तिथल्या वंशजाने आडनाव घेऊन रत्नागिरीत शोधू नये, क्रमांकावरून गाव शोधावे.

जन्म, मृत्यू आणि शाळा

जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या गाव नमुना 14 या नावाने तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. विदर्भात त्यांना कोतवाल बुक म्हणतात. मुलाचे नाव घालून शोधू नका. नोंद बारशाआधी होत असल्याने ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. बापाच्या नावाने पाहा, आणि बाळंतपण माहेरी होते म्हणून आजीच्या माहेरच्या गावची वहीही पाहा. हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते.

शाळेच्या जनरल रजिस्टरात (काही ठिकाणी दाखल-खारीज) पालकाचे नाव, जन्मगाव, आधीची शाळा आणि सोडल्याचे कारण असते. गावात शाळा नसेल तर जवळच्या बाजारगावची सगळ्यात जुनी शाळा पाहा. जन्मतारीख 1 जून असेल तर ती मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या महिन्यावरून टाकलेली आहे. वर्षही एक-दोन इकडेतिकडे धरा.

प्रदेश बदलला की कागद बदलतो

मराठवाड्यात 1954-55 चे खासरा पत्रक हा पाया. त्यामागे सेतवार आणि निजामी दप्तर, पुष्कळसे उर्दूत आणि फसली सनात. विदर्भात नागपूरकडे मालगुजारी होती (सारा गावच्या मालगुजारामार्फत जाई), म्हणून बंदोबस्ताची मिसळ (सारा ठरवतानाची फाइल), अधिकार अभिलेख पंजी आणि पेरेपत्रक मागावे. वऱ्हाडात रयतवारी (शेतकरी थेट सरकारला सारा देई) असल्याने कागदाची धाटणी मुंबई इलाख्याजवळची. रत्नागिरीच्या खोती गावांत (जिथे सारा खोतामार्फत जाई) बोटखत हे महसुली पत्रक. गोव्यात दोन वाटा: पोर्तुगीज अमलातली नागरी नोंदणी आणि पणजीचे पुराभिलेख, शिवाय देवळाच्या महाजनांच्या (देवस्थानच्या हक्कदार घराण्यांच्या) आणि गावकारीच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) नोंदी. पोर्तुगीज लिखाणात शेणवी ‘सिनाय’ होतो, कामत ‘कामोतिम’. तो उच्चार कानाने ओळखावा लागतो.

जिल्हेही बदलले आहेत. सिंधुदुर्ग आणि जालना 1981 चे, लातूर आणि गडचिरोली 1982 चे, नंदुरबार आणि वाशीम 1998 चे, पालघर 2014 चा. जुने दप्तर मूळ जिल्ह्यात राहिलेले असू शकते. गाव औंध, भोर, फलटण, सांगली, जत अशा संस्थानात असेल तर 1948 पूर्वीचे कागद संस्थानी दप्तरात. धरणात बुडालेल्या गावासाठी पुनर्वसन शाखेत संकलन रजिस्टर मागा. जुन्या गावची घरे आणि कुटुंबे त्यात मोजलेली असतात.

मोडी आणि सन

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावच्या वह्यांत मोडी चालू होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द सुटे नसतात. आपल्याला हवे तेच नाव त्यात दिसू लागते, हा खरा धोका. म्हणून मोडी वाचणाऱ्याला अपेक्षित नाव आधी सांगू नका. महत्त्वाची ओळ दोघांना स्वतंत्र वाचायला द्या. स्वतः वाचताना त्याच कारकुनाच्या हातचे ओळखीचे शब्द आधी शोधा: ‘मौजे’, गावाचे नाव, ‘बिन’. त्या अक्षरांवरून त्याची वळणे समजतात आणि मग अनोळखी नाव उलगडते.

सन लिहिण्याच्या तीन रीती सतत भेटतात. शके असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते मार्चसाठी 79. फसली असेल तर डिसेंबरपर्यंत 590, पुढे 591. फसली 1357 म्हणजे 1947-48. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो. तो मृगापासून सुरू होतो. डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढे 600 मिळवायचे. इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, आर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे 3, 70, 100 आणि 1000 मिळून 1173, म्हणजे इसवी सन 1772-73. सलास आणि सलासीन यांत गोंधळ झाला की कागद सत्तावीस वर्षांनी सरकतो.

ज्यांनी वंश लिहून ठेवले ते लोक

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या आहेत. काशी, प्रयाग, गया इथेही. यात्रेकरू आला की त्याचे गाव, जात, बाप-आजा, भाऊ आणि मुले लिहून घेत, आणि लिहिता येणाऱ्याची सही घेत. जाताना आजचे आडनाव एकटे नेऊ नका. मूळ गाव, जुना तालुका, कुलदैवत आणि आजोबा-पणजोबांची नावे एका कागदावर न्या. कोणती वही कोणत्या उपाध्यांकडे हे गावावरून, जातीवरून ठरते. पर्वणीच्या दिवशी जाऊ नका, वही उलगडायला त्यांना वेळ लागतो. दक्षिणा आधी ठरवा, आणि फोटो परवानगीने काढा. आपली नोंद सापडली की वरखालच्या नोंदीही वाचा, कारण एकाच गावची माणसे मिळून येत.

सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे हेळवी घरोघर येऊन वंश सांगतात. खानदेश-विदर्भाच्या काही भागांत भाट. त्यांच्या वहीतल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या बारकाईने पाहाव्यात, कारण त्या त्यांनी स्वतः घरी येऊन लिहिलेल्या असतात. त्यापलीकडचा भाग, विशेषतः राजवंशाशी जोडणारा, दुसऱ्या कागदाचा आधार मिळेपर्यंत पेन्सिलीतच ठेवा.

सर्वांत मोठी चूक

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत वंशावळीला फसवते. सखा बिन रामा, रामा बिन सखा, पुन्हा सखा बिन रामा. 1865 च्या आकारणीतला सखा आणि 1915 च्या फेरफारातला सखा हा एकच धरला की दोन पिढ्या गिळल्या जातात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याचे पहिले आणि शेवटचे दर्शन लिहिणे: कोणत्या वर्षाच्या कागदात तो प्रथम कर्ता म्हणून आला, कोणत्या वर्षी मयत दिसला. पिढीला सरासरी पंचवीस ते तीस वर्षे धरा. मुलगा बापाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी वारस लागत असेल तर मधला एक माणूस हरवला आहे. त्याच गावात त्याच नावाचे दोघे असतील तर शेताच्या चतुःसीमा पाहा. पूर्वेला ओढा आणि दक्षिणेला अमक्याचे शेत असे दोन्ही कागदांत जुळले की माणूस जुळला.

नकलांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात लेखी अर्ज द्या: गाव, जुना तालुका, सर्व्हे नंबर, नमुन्याचे नाव, वर्षांचा पट्टा. ‘सर्व जुनी कागदपत्रे’ असे लिहिलेला अर्ज पडून राहतो. स्कॅन झालेले अभिलेख महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आधी पाहून घ्या. कागद नाही म्हटले तर तसे लेखी घ्या. उत्तरच मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क 10 रुपये, नक्कल पानाला 2 रुपये, मुदत 30 दिवस.

घरचे जुने कागद सेलोटेपने चिकटवू नका, लॅमिनेट करू नका, पुसट शाईवर काही लावू नका. बॅटरीचा प्रकाश बाजूने तिरपा पाडून फोटो काढला तर बोरूचा उमटलेला ठसाही दिसतो. फोटोत पानाच्या चारही कडा येऊ द्या, मागची बाजू कोरी दिसली तरी काढा. रुमालाचा (दप्तराच्या गाठोड्याचा) क्रमांक, पावतीची खूण, दुसऱ्याच हातचे एखादे नाव बहुधा तिथेच असते. प्रत्येक फोटोला त्याच दिवशी नाव द्या: गाव, नमुना, वर्ष, पान. आणि जी वही पाहिली पण ज्यात काही मिळाले नाही, तीही तारखेसह टिपून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी भावकीतला दुसरा कुणी तेच गाठोडे पुन्हा सोडणार नाही.